गोळीवरचं दूध

कवठे येमाईहून लग्न करून खुटबावला आले तेव्हा मी मनाशी एक भीष्मप्रतिज्ञा केली होती. सासू झाले की रोज सकाळी, सगळ्यांच्या देखत, ग्लासभर दूध प्यायचं. गोठ्यात म्हशी होत्या, पण दूध आधी डेअरीच्या किटलीत, मग सासऱ्यांच्या चहात, मग पोरांच्या पेल्यात. सुनांना कोरा चहा. माझ्या वयाच्या पोरी पाटल्यांची स्वप्नं बघायच्या, आमच्या बाईसाहेबांची झेप म्हशीच्या कासेपर्यंत.

दुसरी अक्कल याहून थोर. बायकांनी उसाआड जायचं ते पहाटे, नाहीतर अंधार पडल्यावर. मधल्या वेळी पोट काहीही म्हणो, आपण ऐकायचं नाही. मी पाणीच कमी प्यायची. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमची सून दिवसभर कामावरनं हालत न्हाई." आणि ही येडी लाजून पदर सावरायची. सासरी मिळालेलं पहिलं आणि शेवटचं कौतुक, तेही पोट दाबून धरल्याचं.

पुढं घरात संडास आला, पण तोवर पोटानं माझ्याशी बोलणं सोडलेलं. एरंडेल, हिरडा, इसबगोल, सगळं करून झालं. मग वास यायचा बंद झाला. एकदा माझ्यासमोर गॅसवर दूध करपून कोळसा झालं, शेजारीण वासानं धावत आली, आणि मी तिथंच शेंगा सोलत बसलेली. घरात हशा पिकला. मीही हसले.

हात त्यानंतर बिघडला. उजवा. मांडीवर मोकळा ठेवला की अंगठा आणि बोट आपले गव्हले वळत बसायचे, पिठाशिवाय. पुण्याच्या मेंदूच्या डॉक्टरांनी मला चालवून बघितलं, बोटं आपटायला लावली आणि पार्किन्सन म्हणाले. मग विचारलं, "आजी, पोट साफ होतं का?" मी हात दाखवायला गेलेली, आन् हे पोटाचं विचारतायत. ते म्हणाले, काही जणांत हा आजार हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी आतड्यात सुरू होत असावा. आतड्याला बारीक सूज राहते, तिथल्या चांगल्यावाईट जंतूंचं गणित बिघडतं, आणि तिथून थेट मेंदूपर्यंत जाणारी एक नस आहे. शोध अजून चालू आहे.

"मंग ते दाबून धरल्यानं झालं का?"

"तसं नाही म्हणता येणार, आजी. पोट कडक होणं ही बहुतेक आजाराचीच आधी आलेली खूण."

सासूबाईंच्या माथी मारायची एवढी चांगली संधी आली होती, तीही गेली.

मला एकच हवं होतं, कुणी मला भरवू नये. भाकरी माझ्या हातानं मोडावी, माझ्या हातानं तोंडात घालावी. डॉक्टरांनी गोळी दिली. जेवणाआधी घ्या, म्हणाले.

घरी आल्यावर सून म्हणाली, "आत्या, एवढी मोठी गोळी, गरम पडंल. दुधावर घ्या." दूध म्हंजी काय जेवण नव्हे, असं सगळ्यांचंच मत पडलं. आणि माझी तर प्रतिज्ञाच फळाला आलेली. रोज सकाळी ओट्यावर बसून ग्लासभर दूध, सायीसकट. मिटक्यांचा आवाज गोठ्यापर्यंत जाईल असा.

हात मात्र ऐकेना. घास तोंडाशी येईस्तोवर आमटी मांडीवर. मग सुनेनं माझ्या गळ्याभोवती टॉवेल बांधला आणि चमचा हातात घेतला. "आ करा, आत्या." मी आ केला. टॉवेलाला डाळीचा वास येत असणार, मला तोही येत नव्हता. ताकद यावी म्हणून तिनं दुधाचा दुसरा ग्लास सुरू केला.

पुढच्या खेपेला मुलगा डॉक्टरांना म्हणाला, "सर, गोळीची पावर वाढवा. काय फरक न्हाई."

"गोळी कशाबरोबर घेता?"

"दुधाबरोबर," सून मोठ्या अभिमानानं म्हणाली. "घरच्या म्हशीचं, सर. ग्लास भरून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. गोळी आतड्यातनं रक्तात जाते, म्हणाले, आणि दुधातलं प्रोटीनही त्याच दारानं जातं. दारात गर्दी झाली की गोळी बाहेर राहते. त्यात आजींचं पोट मुळातच मंद. "पावर नको. गोळी पाण्यावर द्या. दूध संध्याकाळी चालेल थोडं."

परतताना गाडीत सून रडायला लागली. "मीच पाजलं ओ, आत्या."

"गप. तू दिलंस आन् मी चाटूनपुसून प्याले. मला कुठं कुणी नाक दाबून पाजलं?"

मुलगा गाडी चालवत म्हणाला, "आता सकाळचं समदं डेअरीला जाईल. फॅट बी चांगली लागती."

त्याची आजी, म्हणजे माझ्या सासूबाईच, पुढच्या सीटवर बसून बोलत असल्यासारखं वाटलं.

आता मी गोळी पाण्यावर घेते आणि उपाशी बसते. थोड्या वेळानं बोटांतलं गव्हले वळणं थांबतं, मग भाकरी मोडते. सांडते थोडी, पण माझ्या हातानं सांडते. संध्याकाळचं दूध मी नको म्हटलं. ते पिऊन दाखवायचं कुणाला? जिला दाखवायचं होतं ती कधीच गेली.

पण दुपार कलली, गोळीचा जोर उतरला की अंगठा पुन्हा बोटावर फिरायला लागतो. डॉक्टर म्हणाले होते, हे वाढत जाणार. टॉवेल अजून खुंटीलाच आहे. सुनेनं तो धुऊन पुन्हा तिथंच अडकवला. मीही काढ म्हटलं नाही.