कॅप्टन मेडेरोस तिकीट काढतो

हानापेपेच्या वेंडेल मेडेरोसला विमानं चालवायला लागून बत्तीस वर्षं झाली, पण स्वतःच्या घरी येण्यासाठी त्यानं कधी तिकीट काढलं नव्हतं. हे तो सगळ्यांना अभिमानानं सांगायचा. नोकरी लॉस एंजेलिसला, घर कवाई बेटावर हानापेपेला, मध्ये सहा तासांचा समुद्र. महिन्यातून चार वेळा जायचं, चार वेळा यायचं, तेही फुकट. कॉकपिटमध्ये वैमानिकांच्या पाठीमागे घडीची एक जादा खुर्ची असते, तिला जंपसीट म्हणतात. ती कुठल्याही कंपनीच्या वैमानिकाला मिळू शकते. मोकळी असली तर, आणि त्या विमानाच्या कॅप्टननं हो म्हटलं तर.

हा हो मिळवण्याचा एक रिवाज आहे. संगणकात नाव लागलं म्हणून थेट जाऊन बसायचं नाही. कॉकपिटच्या दारात उभं राहायचं, टोपी हातात घ्यायची, "कॅप्टन, आज मला घेऊन जाल का?" असं विचारायचं आणि चॉकलेटचा डबा पुढे करायचा. वेंडेलला या रिवाजाचं भारी कौतुक. एवढी मोठमोठी माणसं एकमेकांशी इतक्या अदबीनं वागतात हे त्याला सांगून सांगून पुरत नसे. त्याची बायको लॉर्ना म्हणायची, जगातल्या सगळ्या कॅप्टनांची परवानगी काढतोस, घरी यायच्या आधी कधीतरी माझीही काढ.

खुर्ची नाही मिळाली की न विकलेल्या जागांसाठी थांबलेल्या कर्मचाऱ्यांच्या यादीत नाव लागायचं आणि वेंडेलचा घरी फोन यायचा, "लिस्टवर आहे." त्यांची एकुलती एक मुलगी रेनेट हे शब्द ऐकतच मोठी झाली. तिच्या पहिल्या वाढदिवसाला तो लिस्टवर होता. आमच्याकडे बेटांवर मुलाचा पहिला वाढदिवस म्हणजे लग्नापेक्षा मोठं कार्य. खड्ड्यात डुक्कर भाजलं जातं, सगळं गाव जेवतं. होड्यांच्या शर्यतीत रेनेटचा संघ पहिला आला तेव्हाही तो लिस्टवर होता. शाळा संपली त्या दिवशी तिच्या गळ्यात नाकापर्यंत हार चढले, त्यात बापाचा नव्हता. लग्नाला मात्र तो आला, पण केक कापून झाल्यावर. दर वेळचं कारण अगदी खरं असायचं. समोरून वारा जोराचा, विमानात वजन जास्त, त्या कंपनीचाच वैमानिक ऐनवेळी हजर. त्याला दोष कसा द्यायचा? पुढे पुढे रेनेटनं विचारणंच सोडलं, आणि पोरगी समजूतदार झाली असं वेंडेल धरून चालला.

आता रेनेटच्या मुलीचा, पिकाकेचा, पहिला वाढदिवस शनिवारी दुपारी चारला होता. फोनवर रेनेट एवढंच म्हणाली की जमलं तर ये, फोटोसाठी आम्ही थांबणार नाही. वेंडेल म्हणाला, शुक्रवारी सकाळीच मी मोकळा होतोय, तू निर्धास्त राहा.

शुक्रवारी तो लॉस एंजेलिसला उतरला तेव्हा शाळांची वसंताची सुट्टी लागली होती. कवाईच्या फाटकाशी वैमानिकांची ही गर्दी. सगळे फुलाफुलांच्या शर्टात, सोबत बायका, पोरं, पोहायच्या रबरी चकत्या. ते मजा करायला निघालेले, हा घरी निघालेला. पण लिस्टमध्ये असा काही फरक करत नाहीत. दिवसभरात चार विमानं त्याच्या डोळ्यांदेखत गेली. कर्मचाऱ्यांच्या खोलीतल्या आरामखुर्चीत रात्र काढून शनिवारी पहाटेच तो सातच्या विमानाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. जंपसीटसाठी पहिलं नाव त्याचं लागलं.

कॅप्टन एक तरुण बाई होती. वेंडेलनं टोपी काढली, विचारलं, डबा दिला. "या ना सर, खुशाल बसा," ती म्हणाली. त्यानं खुर्ची उघडली, बसला, पट्टा बांधला. इतक्यात फाटकावरचा माणूस आणखी एका वैमानिकाला घेऊन आला. पोरगेलासा, दुसऱ्याच कंपनीचा, लिस्टवर दुसरा. त्याच्या बायकोला आणि दोन मुलांना मागे शेवटच्या तीन जागा मिळाल्या होत्या, तो तेवढा राहिला होता. काही हट्ट नाही, तो म्हणाला, ती पुढे जातील, मी उद्या येईन. वेंडेलनं दारातून वाकून पाहिलं. दोन्ही पोरांनी आत्तापासूनच पाण्याचे चष्मे कपाळावर चढवले होते.

कुणाच्या कुटुंबाची ताटातूट होऊ द्यायची नाही, असा वैमानिकांचा एक अलिखित कायदा आहे. वेंडेलनं पट्टा सोडला. कॅप्टनबाई म्हणाली, "सर, पहिला नंबर तुमचा आहे. बसून राहिलात तर कुणी काही म्हणणार नाही." वेंडेल म्हणाला, अकराचं विमान आहे ना, मी त्यानं येतो. त्या पोरानं दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. वेंडेलचा ऊर भरून आला. त्याच भरात बाहेर येऊन त्यानं रेनेटला फोन लावला. बेटावरचं घड्याळ तीन तास मागे, तिकडे पहाटेचे चार, पण जेवणाच्या तयारीसाठी ती उठलेलीच होती.

सगळं सांगितलं, पाण्याच्या चष्म्यांसकट.

"म्हणजे सीट मिळाली होती," रेनेट म्हणाली.

"मिळाली होती गं. पण त्या बिचाऱ्यांची ताटातूट झाली असती."

"आणि आमची?"

"अकराच्या लिस्टवर आहे मी," तो म्हणाला.

"कितवा?"

"एकोणिसावा. नंबर सोडला की शेवटी जावं लागतं."

"डॅड, विमानाची तिकिटंपण मिळतात," रेनेट शांतपणे म्हणाली. "बाकीची सगळी माणसं तिकीट काढूनच येतात." आणि तिनं फोन ठेवला.

वेंडेल फोनकडे बघत राहिला. तिकिटं मिळतात हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच? रोज दोन-दोनशे तिकीटवाली माणसं तो पाठीशी घेऊन उडत होता. पण त्या माणसांमध्ये आपणही असू शकतो, ही गोष्ट बत्तीस वर्षांत त्याच्या मनाला शिवली नव्हती. त्यानं रागावायचा प्रयत्न करून पाहिला. बेकरीवाला कधी दुकानातून पाव विकत आणतो का? पण राग काही टिकेना. मग वजन जास्त झालेल्या सामानातून काय काढता येईल ते बघावं तसं त्यानं आपल्या अडचणी एकेक करून तपासल्या. पैसे? पैसे होते. तेव्हाही होते. मग अडचण नक्की काय होती? ती काही केल्या आठवेना. डोक्यात नुसता गोंधळ.

तिकिटाची खिडकी कुठे असते हेसुद्धा त्याला विचारावं लागलं. गणवेशातला माणूस रांगेत उभा आहे हे पाहून पुढचे लोक त्याला वाट करून देऊ लागले, तेव्हा तो आणखीच गांगरला. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, कुठे? त्यानं गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं.

"हे इथे चालत नाही, साहेब. कार्ड द्या. अकराच्या विमानात तीन जागा आहेत."

"तीनच? मग लिस्टवरचे सगळे?"

"न विकलेल्या जागा त्यांना मिळतात."

"आणि मी एक घेतली तर?"

"तर तुम्ही जाल." तिनं त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. "दोनच राहिल्या बघा आता. एकेरी की परतीचं?"

वेंडेल पुन्हा अडकला. घरी जायचं म्हणजे एकेरी की परतीचं? एकेरी द्या, तो म्हणाला. खिडकीजवळची जागा की वाटेजवळची? कॅप्टन म्हणतील तिथे, तो म्हणाला. ती मुलगी हसली आणि तिनं दोघांच्या मधली जागा दिली, कारण दुसरी नव्हतीच. ही जागा कधीपासून मोकळी होती, असं त्यानं उगीचच विचारलं. वर्षभरापासून विक्रीला आहे, ती म्हणाली.

विमानात चढताना त्याचे पाय आपोआप कॉकपिटकडे वळले. टोपी काढली. "कॅप्टन, आज मला घेऊन जाल का?" कॅप्टननं त्याच्या हातातला कागद बघितला आणि तो बुचकळ्यात पडला. तुमच्याकडे तिकीट आहे ना, मग मला कशाला विचारता? डबा द्यावा म्हटलं तर तो सकाळीच गेला होता. तो मागे जाऊन एकतिसाव्या रांगेत दोन अनोळखी माणसांच्या मध्ये बसला, आणि सहा तास हातांचं काय करावं ते त्याला कळलं नाही.

बेटावरच्या घड्याळात सव्वातीनला तो हानापेपेच्या बागेतल्या मांडवात पोचला. खड्डा उघडला होता, केळीची पानं बाजूला काढून माणसं मांस सोडवत होती. लॉर्नानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, गळ्यात हार घातला आणि पिकाकेला त्याच्या कडेवर दिलं. पोरगी त्याला ओळखत नव्हती. तिनं त्याचा टाय धरून तोंडात घातला.

रेनेट पोईचं, म्हणजे अळकुड्यांच्या लगद्याचं, भांडं घेऊन समोर आली आणि थबकली.

"कुणी घेतलं तुला?"

"कुणी नाही. तिकीट काढलं."

तिचा विश्वास बसला नसावा. तिनं भांडं खाली ठेवलं, हात पुसला आणि पुढे केला. वेंडेलनं खिशातून कागद काढून दिला. ती वाचत होती. आता ही खूश होईल की दोन शब्द सुनावेल, ते त्याला समजेना. दोन्हींची त्याची तयारी होती.

"चारशे बारा डॉलर," ती म्हणाली.

"आयत्या वेळी जरा महाग पडतं."

रेनेटनं कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"एवढेच लागत होते?" तिनं विचारलं.

वेंडेलजवळ वारा, वजन, कंपनीचा वैमानिक अशी सगळी खरी कारणं होती, पण चारशे बारा डॉलरपुढे त्यातलं एकही टिकत नव्हतं. रेनेटनं कागदाची घडी घातली, त्याच्या खिशात परत ठेवली आणि भांडं उचललं.

"जेवून घे, डॅड," ती म्हणाली.