नानांच्या बोरमधला कोळसा

ग्वाल्हेरच्या हजीरा वस्तीत पोचलो तेव्हा बोरची मशीन बंद होती. काळ्या चुऱ्याच्या ढिगावर ताडपत्री, आणि ताडपत्रीवर माझे थोरले मावसभाऊ नाना स्वतः बसलेले.

"मशीन का थांबवली?"

"धीरे बोल! कोयला निघालाय. सरकारला मालूम पडलं तर घर जाईल."

मी रिटायर्ड जिऑलॉजिस्ट. सारी नोकरी कोळशाच्या खाणींत. मला हसू आलं आणि रागही आला. सांध्यांनी बेजार वहिनी टँकरचं पाणी बादल्यांनी वर नेत होत्या, आणि संध्याकाळी मशीन दुसऱ्या गावी जाणार होती.

"नाना, कोळसा म्हणजे गाडलं गेलेलं जंगल. ग्वाल्हेरचा हा खडक इतका जुना, की तेव्हा जमिनीवर झाडंच नव्हती. जंगल कुठून गाडणार? हा शेल आहे. दबून घट्ट झालेला चिखल."

"पण काळा आहे ना!"

आमच्या खाणींत कोळशाच्या थरांखाली शेवटी हिरवट खडक लागतो. हिमनद्यांनी आणून टाकलेला गाळ तो. त्याला टालचीर म्हणतात. बर्फ वितळल्यावरच तिथं जंगलं वाढली, म्हणून त्याच्याखाली कोळसा नसतो. तो दिसला की ड्रिलिंग बंद. 'बस, थांबवा' म्हणण्याचाच मी पगार घेतला. नानांना हे सगळं सांगितलं. ते हलले नाहीत.

वहिनींनी बादली ठेवली. ताडपत्रीखालून एक खपली काढली, सांडशीत धरली आणि स्वयंपाकघरात गॅसवर धरली. नानाही उठून मागोमाग आले. आम्ही तिघं बघत राहिलो. खपली तापली. पेटली नाही.

"काळं ते सगळं कोयला असतं का? माझा तवापण काळाच आहे," वहिनी म्हणाल्या.

बाहेर बोरचा मिस्त्री पाइप काढायला लागला होता. "अंकलजी, बंद करूँ?"

खाली कडक दगडाचा पट्टा असावा, असा माझा अंदाज होता. त्याला भेगा असल्या तर पाणी. नसल्या तर वहिनींना तोंड दाखवणं कठीण.

"चालू दे," मी म्हणालो.

काळा चुरा बराच वेळ आला. मग लालसर झाला. मग ओला. मग मिस्त्री ओरडत बाजूला पळाला आणि नाना नखशिखांत भिजले.

वहिनींनी टँकरचे ड्रम पालथे घातले आणि त्यातल्याच एकावर बसून रडल्या.

नानांनी ती खपली शोकेसमध्ये ठेवली आहे. काम थांबवायला मूठभर काळा चुरा पुरतो. चालू करायला घरात तवा ओळखणारं माणूस लागतं.