चुकायला माणूस हवं

आमच्या वहिनीला घरात सगळे ‘चौकशी’ म्हणतात, आणि ते नाव तिनं कमावलेलं आहे. दवाखान्यात नंबर लावायचं ॲप बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती कामाला होती. लोक ॲप वापरताना कुठे अडतात ते बघायचं आणि स्वतः काही सुचवायचं नाही, हे तिचं काम. त्यासाठी बोलावलेल्या लोकांना पाजायला कंपनी चहाचेही पैसे देत नसे. मग ही बाई मोबाइलवर दिसतं ते कागदावर काढून दिसेल त्याला गाठायची. इस्त्रीवाला तर तिला लांबून पाहूनच शटर ओढायचा.

गेल्या आठवड्यापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. म्हाताऱ्या माणसांना ॲप जमलं तर ठीक, नाहीतर काम बंद आणि तुमची नोकरीही, असं साहेबांनी बजावलं होतं. जेवताना ती मध्येच उठायची. फुकटात मिळणारी म्हातारी एकच, आमची आई.

परवा परीक्षा झाली. टीव्हीचा रिमोट उलटा धरणारी आमची आई कागदांवर झरझर बोट ठेवत गेली. डॉक्टर, दिवस, वेळ, झालं! मी टाळ्या वाजवल्या. वहिनी मात्र खिडकीशी गेली, परत आली, पुन्हा गेली. मग तिनं बटणांच्या जागा बदलून नवा कागद काढला. आईनं बोट जुन्याच जागी ठेवलं.

“आई, तिथे आता ‘रद्द करा’ आहे.”

“जागा का बदललीस गं?” आई रडकुंडीला आली. “तुझ्या पिशवीतले कागद काढून रोज पाठ करत होते मी!”

“अहो, पण तुम्ही चुकायला हवं होतं.”

“माझ्या चुकीनं तुझी नोकरी जाणार, आणि मी चुकू?”

मला वहिनीचा रागच आला. इतकं आयतं जमून आलं होतं, गप्प बसायला काय झालं होतं? तिनं आमच्यासमोरच साहेबांना फोन लावला.

“नाही जमलं त्यांना.”

“अगं, जमलं म्हणून सांग!” आई तिचा हात ओढत होती.

वहिनीनं फोनवर तळवा ठेवला. “आई, एखादी आजी घरात एकटीच असेल. दुखत असेल तिला. तिच्याकडून कोण पाठ करून घेणार?”

सोमवारी येऊन सामान घेऊन जा, एवढंच साहेब म्हणाले. वहिनी खाली बसून कागद गोळा करू लागली. आमच्या घरात कुणाला जवळबिवळ घ्यायची सवय नाही. आई जरा घुटमळली, मग चष्मा पुसून तिच्यासमोर बसली.

“दे ते कागद. पहिल्यापासून विचार. मला काय काय कळत नाही, ते आता सगळं सांगते.”