मायच्या अंगात आलं तो सोमवार

मी धुळ्याच्या एका फार्मसी कॉलेजात औषधं शिकवते. रक्तदाबाचा धडा माझा हातखंडा. दाब वाढवणारं एक संप्रेरक नुसत्या रक्तवाहिन्या आवळत नाही, रक्तात झालेली गुठळी सहज विरघळू नये अशीही तजवीज करतं. एक जुनी, स्वस्त गोळी त्याला अडवते. त्याच गोळीनं शरीरात दुसरं एक द्रव्य साचतं. ते गुठळी विरघळायला हातभार लावतं आणि काहींना कोरडा खोकलाही आणतं. "म्हणजे मॅडम, खोकला चांगला?" असं पोरं विचारतात. मी म्हणते, तेवढं परीक्षेत लिहू नका.

माझी माय हीच गोळी घ्यायची. ती साक्री तालुक्यात आमच्या गावी राहते. श्रावणात घरी कानबाई बसते तेव्हा देवीपुढे गाणी म्हणायचा मान तिचाच. यंदा पंधरा दिवस आधी तिचा फोन आला, "हाई गोई खादी का खोकला येस. मंग गाना कसा म्हनू मी?"

मी पेपर तपासत होते. खेकसलेच तिच्यावर, "खोकल्यानं कुणी मरत नाही. गोळी चालू ठेव." डॉक्टरांना एक फोन केला असता तर गोळी बदलून मिळाली असती. मला ते माहीत होतं. आळस केला, दुसरं काय! तिनं मला न सांगता गोळ्या बंद केल्या.

कानबाई बसली त्या रविवारी मी गावी होते. माय एकदाही न खोकता गायली. झाली असेल सवय, असं मी धरून चालले.

सोमवारी सकाळी विसर्जनाला निघालो. वाजंत्री, फुगड्या, गुलाल. माय चालता चालता थांबली. मान कलली, तोंड वाकडं झालं, घशातून नुसतं घुमल्यासारखं काहीतरी येऊ लागलं. "कानबाई अंगमा वनी!" बाया ओरडल्या. कुणी हळदकुंकू लावलं, कुणी लेकीच्या लग्नाचं विचारलं. मीही वाकले. एवढं शिकलेली मी, तिच्यापुढे पदर पसरला. अर्धा तास तसाच गेला. मग ती उजव्या अंगावर कोसळली, तेव्हा मला कळलं, हा अर्धांगवायूचा झटका.

गाडीत मी सारखी घड्याळ बघत होते. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. धुळ्याला दवाखान्यात पोचेपर्यंत तीन तास होत आले होते. मेंदूचा फोटो निघाला, गुठळीच होती. पण डॉक्टर म्हणाले, "दाब फार वर आहे. आत्ता दिलं तर मेंदूत रक्तस्राव होईल. आधी तो उतरू द्या." नियम मलाही पाठ होता. तरी मी ओरडले, "द्या ना हो, वेळ चाललाय!" यंत्रावरचा आकडा हलता हलेना. अखेर उतरला. इंजेक्शन मुदतीच्या अगदी काठावर गेलं.

जीव वाचला. हात-पाय हळूहळू हलायला लागले. बोलणं मात्र गेलं. गावाकडची माणसं यायची, देवीनं राखलं म्हणायची, मला त्यांचाही राग यायचा. रोज कॉलेजातून आले की मी तिच्यासमोर बसायची. पाणी म्हण. ताट म्हण. पुढे एकेक शब्द फुटू लागला.

दिवाळीच्या आधी एका दुपारी आम्ही दोघी शेंगा फोडत होतो. माय अडखळत, थांबत, पहिलं अख्खं वाक्य बोलली.

"मी तुले... हाका मारी ऱ्हायंती... नि तू पाया पडनी."