शेडची फीत अजून बांधलेली आहे

रविवार, सात डिसेंबर, सकाळी दहा. जागा: आमच्या महिला समूहाची नवी संत्रा शेड, सौंसरहून पांढुर्ण्याला जाणाऱ्या रस्त्याला लागून. हजर: समूहाच्या अकरा बाया (बारावी नवस फेडायला जामसांवलीच्या हनुमानाला गेलेली, रजा मंजूर), सरपंचबाई, त्यांचे यजमान, माझा दादा, दादाचे एक साताऱ्याचे मित्र (आम्ही त्यांना साताऱ्याचे भाऊ म्हणतो), पायलटसाहेब आणि मी, समूहाची सचिव. एक कुत्राही होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण तो शेवटपर्यंत थांबला, म्हणून त्याची हजेरी लावते.

त्या दिवशीच्या माझ्या यादीत चौदा कामं होती. तेरा झाली. चौदावं काम म्हणजे शेडच्या दाराची फीत कापणं. ते का राहिलं हे सांगायचं तर आधी दादाबद्दल सांगावं लागेल.

दादा हवाई दलात होता, हेलिकॉप्टरने माणसं उचलून आणणाऱ्या तुकडीत. पायलटसाहेब हेलिकॉप्टर चालवायचे. दादा दारात बसून पोलादी तार खाली सोडायचा आणि वर ओढायचा. साताऱ्याचे भाऊ त्या तारेला लटकून खाली उतरायचे आणि जखमींना पट्ट्यात बांधून वर पाठवायचे. सव्वीस वर्षांपूर्वी, डोंगरातल्या लढाईच्या उन्हाळ्यात, दोन जखमी वर घेऊन झाले, साताऱ्याचे भाऊ तारेला लटकून वर येत होते, आणि तार खडकात अडकली. समोरून गोळ्या सुरू. अडकलेली तार हेलिकॉप्टरलाच खाली ओढते, म्हणून अशा वेळी ती तोडायची असते, तसा नियमच आहे. साहेबांनी हुकूम दिला, "काप." तार तोडायचं एक बटण असतं. ते चाललं नाही. दादाने हाताच्या मोठ्या कात्रीने तार कापली. साताऱ्याचे भाऊ बर्फात पडले आणि हेलिकॉप्टर निघून गेलं.

साताऱ्याचे भाऊ वाचले. हे लगेच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा उगाच डोळे पुसत बसेल. दोन दिवस चालून ते आपल्या ठाण्यावर पोचले. पायाची दोन बोटं गेली. पोचल्यावर पहिलं वाक्य बोलले ते म्हणे, "च्या हाय का?"

तेव्हापासून दादा काहीही कापत नाही. मिठाईच्या डब्याची सुतळी तो सोडवतो, मग पाहुणे ताटकळले तरी चालेल. सोडवलेल्या सुतळीचा गोळा घरात आहे, कलिंगडाएवढा. नखं तो पायरीच्या दगडावर घासतो. वहिनी भाजी चिरायला बसली की त्याला अंगणात काहीतरी काम निघतं. संत्र्याच्या तोड्याला त्याला नेऊन पाहिलं, पण तिथे देठ कात्रीने कापावं लागतं. दादा फळ पिरगाळून ओढायचा. तसं केलं की देठाजवळची साल फाटते आणि फळ दोन दिवसांत नासतं. पहिल्याच दुपारी मी त्याला तोड्यावरून काढून पाणी वाटायला लावलं.

साहेबांचं दुखणं वेगळं. ते आता नागपूरला राहतात आणि त्या दिवसापासून हुकूम देत नाहीत. कशाचाच. हॉटेलात वेटरला विचारतात, "तुम्हाला काय वाटतं?" चौकात ड्रायव्हरला विचारतात, "तुम्हाला काय वाटतं?" त्यांच्या मिसेस सांगतात की घरचा टीव्ही कित्येक वर्षं एकाच चॅनेलवर आहे.

राहिले साताऱ्याचे भाऊ. ते दर डिसेंबरात आठ दिवस दादाकडे येतात आणि सकाळी उठल्याबरोबर विचारतात, "काय रं, आज काय कापलंस?" "मला काय झालं न्हाय," हे तर ते चहाला साखर मागावी तितक्या सहज म्हणतात. आमची वहिनी एकदा वैतागून म्हणाली, "मेलेल्या माणसाचं भूत परवडते वो बाई. नैवेद्य ठेवला का गेलं. हे जितं भूत हाये, याले दोन वेळचं वरण लागते, वरून म्हणते तिखट झालं."

मी मात्र एक गोष्ट पाहून ठेवली होती. साताऱ्याचे भाऊ मोटारीत बसले की दारावरचा दांडा दोन्ही हातांनी धरतात, गाडी उभी असली तरी. चहा पितानाही डावा हात खांबाला असतो. पाहिलं होतं, पण त्याचं काय करायचं ते न कळल्याने कुठल्याच यादीत घातलं नव्हतं.

या वर्षी त्यांचा फोन आला. "ही येरझार शेवटची बघा ताई. गुडघं गेलं. पोरगी आता इतक्या लांब सोडत न्हाय."

दुसऱ्या दिवशी दादा माझ्याकडे आला आणि उद्घाटनाची यादी शेवटाकडून वाचू लागला.

"बाई, फीत कोण कापून राहिलं?"

"सरपंचबाई."

"त्यांले नारळ दे. फीत मी कापतो."

मी पेन खाली ठेवलं. "तू?"

"हाव. त्याच्यासमोर. तो जायच्या आधी एकदा कापून दाखवतो. नाई तं हा माणूस जलमभर समजीन का मी तिथंच अडकून हाओ."

"आन् नाईस का अडकून?"

"म्हणून तं कापतो म्हटलं ना!"

मी नाव खोडलं, नवं लिहिलं आणि लगेच सरावाचं वेळापत्रक केलं. पहिला दिवस शिवणाचा दोरा, दुसरा दिवस सुतळी, तिसरा दिवस फीत. पहिल्या दिवशी दादाने कात्रीत बोटं घातली आणि चहा मागितला. दुसऱ्या दिवशी त्याने सुतळी सोडवली. तिसऱ्या दिवशी कात्रीला तेल दिलं. तीन दिवसांत झालेली प्रगती म्हणजे कात्री चकाचक झाली.

चूक माझीही झाली. फीत बांधायचं काम मी समूहातल्या सगळ्यात जुन्या काकूंना दिलं. काकूंनी तीस वर्षं संत्र्याच्या पेट्या बांधल्या आहेत. त्यांची गाठ ट्रकने कलकत्त्याला जाते आणि तिथेही कोणाला सुटत नाही, फोडावी लागते. फीत त्यांनी त्याच गाठीने दोन्ही खांबांना बांधली. आणि दादाने कोणाला न सांगता मनात एक बेत ठरवला होता: ऐन वेळी हात चालला नाही, तर फीत शांतपणे सोडवायची.

नारळ फुटला. अर्धी कवड कुत्र्याच्या पुढ्यात गेली, तेव्हाच तो थांबायचं ठरवून बसला असावा. सरपंचबाईंचं भाषण चार मिनिटांत आटोपलं, मी पाच धरली होती. मग दादा पुढे झाला. ताटातली कात्री उचलली. फितीकडे पाहिलं. कात्री ताटात परत ठेवली आणि डावीकडची गाठ चाचपू लागला.

दोन मिनिटं गेली. मग पाच.

"अवो भाऊ, कापून टाका ना! संत्री नासून राहिली!" मागून एक बाई ओरडली.

"ते माही गाठ हाये," काकू अभिमानाने म्हणाल्या. "कलकत्त्यापावतर सुटत नाई, तं याच्या हातानं काय सुटते!"

"दातानं पाहा," सरपंचबाईंच्या यजमानांनी सुचवलं.

दादाने दातानं पाहिलं. निवृत्त वॉरंट ऑफिसर दातात लाल फीत धरून उभा आहे, असा फोटो समूहाच्या फायलीत आहे. उद्घाटनाचा तो एकच फोटो नीट आला, त्यामुळे काढताही येत नाही.

शेवटी साताऱ्याचे भाऊ खुर्ची सोडून खांब धरत धरत पुढे आले. "सर बाजूला. सैल फीत कुटं कापतीया व्हय? म्या ताणून धरतो, तू काप." त्यांनी फीत मधोमध दोन्ही हातांत घट्ट धरली. "हां. काप आता लेका. काय होतंय बघू."

दादाने कात्री उचलली. या वेळी खरोखर उघडली. फीत पात्यांच्या मध्ये आली. अकरा बाया गप्प, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. दादाने वर मान करून मित्राकडे पाहिलं.

"सोड."

"काय सोडू?"

"फीत सोड. तू धरली असंन तं मी नाई कापत."

"आरं, धरल्याबिगर कापणार कशी? काप!"

"सोड ना बे!"

"न्हाय सोडत!"

बाया हसल्या. साताऱ्याचे भाऊही हसत होते. मग त्यांचं हसू मध्येच थांबलं. मी यादी घेऊन अगदी जवळ उभी होते. त्यांची बोटं पांढरी पडली होती. "सोडतो, सोडतो," ते म्हणाले, आणि सोडली नाही. पुन्हा एकदा म्हणाले, "आता सोडतो." बोटं जिथल्या तिथे. सव्वीस वर्षं "मला काय झालं न्हाय" म्हणणारा माणूस आपल्याच हातांकडे, शेजाऱ्याच्या म्हशीकडे पाहावं तसा पाहत होता. म्हैस काही हलेना.

मग दोघांनी एकदम मान वळवली आणि साहेबांकडे पाहिलं.

साहेब ताठ झाले. कोटाचं बटण लावलं. आता हुकूम येणार, असं मलाही वाटलं, आणि मी पेनचं टोपण काढलं. साहेबांनी कात्रीकडे पाहिलं, त्या चार हातांकडे पाहिलं, घसा खाकरला आणि सरपंचबाईंकडे वळून म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

सरपंचबाईंनी गावातल्या नाल्यांचे, नळाचे आणि दोन भावांच्या शेताच्या धुऱ्याचे, म्हणजे बांधाचे, तंटे मिटवलेले आहेत. त्यांना फार वेळ लागला नाही.

"मले वाटते, चहा थंडा होऊन राहिला."

असं म्हणून त्यांनी एका हाताने फीत वर उचलली आणि वाकून आत गेल्या. त्यांच्यामागे यजमान, त्यांच्यामागे काकू, मग क्रेट घेऊन बाकी बाया, मग कुत्रा. आम्ही सगळे वाकून वाकून नव्या शेडमध्ये गेलो. दादा आणि साताऱ्याचे भाऊ मात्र दारातच होते. दादाने कात्री खिशात घातली आणि त्यानेही फीत धरली. कपडे वाळत घालायच्या दोरीचे दोन खांब असावेत तसे ते उभे, आणि खालून क्रेट जात होते.

मी मोजणीसाठी दाराशीच होते, म्हणून ऐकू आलं.

"एक इचारू?" साताऱ्याचे भाऊ हळू आवाजात म्हणाले. "तार तुटली तवा म्या वर बघितलं. तू दारातनं हात भाईर काढला हुतास. रिकामा. कशापायी?"

"धरायले."

"तीस फुटावरनं?"

"हाव."

"येडा हायेस," साताऱ्याचे भाऊ म्हणाले. मग दादा हसायला लागला, मग ते, आणि दोघांच्या हसण्याने फीत इतकी हलू लागली की एक बाई ओरडली, "अवो, स्थिर धरा ना! डोक्यावर क्रेट हाये माह्या!"

साताऱ्याचे भाऊ परत निघाले साहेबांच्या गाडीतून, नागपूरपर्यंत. गाडी उभीच होती तेव्हा त्यांनी दारावरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. या वेळी दादानेही ते पाहिलं आणि उघड्या खिडकीतून वहिनीने दिलेली संत्र्याची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"शेवटची येरझार म्हणलो हुतो," साताऱ्याचे भाऊ म्हणाले. "पर आता फीत ऱ्हायलीया. काम अर्धं टाकून कसं चालंल? पोरीला तसं सांगतो."

"गुडघ्याचं काय?" मी विचारलं.

"गुडघ्यालाबी सांगतो."

साहेबांनी ड्रायव्हरला विचारलं, "निघायचं का? तुम्हाला काय वाटतं?" ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

आता फेब्रुवारी संपत आला, हिवाळ्यातला आंबिया बहार संपून मृग बहाराची संत्री शेडमध्ये येत आहेत. फीत आहे तिथेच आहे. तिचा लाल रंग उडून संत्र्याच्या रंगावर आला आहे. बायांना वाकायची सवय झाली, उंच व्यापारी मात्र येताना एकदा आणि जाताना एकदा तिच्यात अडकतात. कात्री दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असते आणि दर सोमवारी दादा तिला तेल देतो. रविवारी साताऱ्याहून फोन येतो, "हाय का अजून?" दादा म्हणतो, "हाये." "बरं," म्हणून फोन बंद.

परवा व्यापाऱ्याचा एक माणूस क्रेट नेताना अडकला आणि चिडून म्हणाला, "हे काय लावून ठेवलं? कापून टाकतो थांबा." त्याने खिळ्यावरची कात्री काढली. बाराही बाया एकदम ओरडल्या. काकूंनी तर त्याच्या हातातून कात्री हिसकून घेतली आणि वर त्यालाच विचारलं, "तुमच्या यादीत हाये का ते काम?"

त्याच्या यादीत नाही, माझ्या आहे. जुनी वही भरली, म्हणून काल राहिलेलं काम नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलं.

चौदा. फीत कापणे. कापणार: दादा. धरणार आणि सोडणार: साताऱ्याचे भाऊ. हुकूम: पायलटसाहेब. तारीख: