डावं सिलिंडर

नालवाडीच्या नत्थूजींचा सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि वांगी रोज वर्ध्याच्या बाजारात जात. पण लोक त्यांना ओळखत ते इंजिनवाले नत्थूजी म्हणून. विहिरीवरचं डिझेल इंजिन ते स्वतः उघडत, पुसत, जोडत. आणि जोडून झालं की नारळ फोडून त्याचं पाणी इंजिनावर शिंपडल्याशिवाय हँडलला हात लावत नसत. इंजिनानंही या मानाला कधी बट्टा लावला नव्हता.

पुढे पुलगावच्या एका लिलावात त्यांनी जुनी विलायती मोटारसायकल घेतली. दोन सिलिंडरची, चांगली वजनदार. घरातलं सगळ्यात मऊ फडकं तिच्या अंगाला लागे आणि भाकरीच्या टोपल्याला खरबरीत कापड उरे, हे त्यांच्या पत्नीला, मनकर्णाबाईंना, फार लागे.

अठ्ठ्याहत्तर सालच्या दसऱ्याला नारळाचं पाणी शिंपडून गाडीची पूजा झाली, नत्थूजींनी किक मारली आणि गाडी लंगडली. एक सिलिंडर काम करतंय, दुसरं रुसून बसलंय, असा तो आवाज. शेजारचे अण्णाजी कुंपणावरून म्हणाले, "नत्थूजी, एक बैल ओढून राह्यला अन् दुसरा वावराच्या धुऱ्यावर बसला वाटते!"

मनकर्णाबाई मात्र हसल्या नाहीत. "भाऊबीजेले मले समुद्रपूरले भावाकडं न्यायचं हाय ना? मागच्या साली अर्ध्या रस्त्यातून एसटीनं गेलती मी. वयनी अजून हासते. यंदा गाडी नाई चालली त दुसऱ्या दिवशी भंगारवाला तिले घेऊन जाते. मी बोलून ठेवलं त्याच्यासंग."

मनकर्णाबाई बोलून ठेवत ते करतच. नत्थूजी कामाला लागले.

त्यांची रीत डॉक्टरची. आधी रोगी कोणता ते ठरवायचं. गाडी सुरू ठेवून त्यांनी दोन्ही सायलेन्सरांच्या मुळाशी ओल्या बोटांनी पाणी उडवलं. उजवीकडे तव्यावर उडावं तसं चर्र झालं, डावीकडे थेंब तसेच ओघळले. म्हणजे डावं आजारी. मग डावीकडचा प्लग उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे लावला. आजार काही प्लगसोबत गेला नाही, डावीकडेच राहिला. म्हणजे प्लग निर्दोष. मग त्यांनी कार्बोरेटर धुतला, ठिणगी पाडणारे पॉइंट घासले, वायरी पुसून कोरड्या केल्या. दर वेळी सगळं जागच्या जागी बसवलं, गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहून नारळ फोडला, पाणी शिंपडलं, नमस्कार केला आणि किक मारली. दर वेळी गाडी लंगडली.

घरात खोबऱ्याची चटणी झाली, वड्या झाल्या, मग पुन्हा चटणी. एक वाटी अण्णाजींकडे गेली तेव्हा ते म्हणाले, "वयनी, गाडी दुरुस्त व्हाची घाई नोका करू. आमचं बरं चाललं हाय."

भाऊबीजेच्या सकाळी मनकर्णाबाई नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन अंगणात उभ्या राहिल्या. नत्थूजींनी पिशवीकडे पाहिलं. घरातला शेवटचा नारळ आत होता.

"याले हात नाई लावाचा. भावाले ओवाळताना द्याचा हाय."

"पन बिना नारळाचं..."

"मारता का किक, का जाऊ मी एसटीनं?"

नत्थूजींनी नुसते हात जोडले आणि मनात देवाची क्षमा मागून किक मारली. गाडी दोन्ही सिलिंडरांवर अशी धडधडली की अण्णाजींची शेळी दावं ओढू लागली.

नत्थूजींनी गाडी बंद केली.

"अवो, चालली ना! बंद काऊन केली?"

"काऊन चालली ते पाहू दे."

आज काय वेगळं झालं? त्यांनी खूप विचार केला. मग तुळशीपाशी ठेवलेला तांब्या आणून डाव्या प्लगच्या टोपणावर थोडं पाणी शिंपडलं आणि किक मारली. गाडी लंगडली. टोपण पुसून कोरडं केलं, गाडी धडधडली. मनकर्णाबाईंनी कपाळावर हात मारला. "चालती गाडी बिघडवून पाहून राह्यले हे!"

टोपणाचं रबर तडकलं होतं. नारळाचं पाणी त्या भेगेतून आत जाई आणि ठिणगी प्लगच्या टोकाशी पोचायच्या आधीच पाण्याची वाट धरून निसटे. डिझेल इंजिनाला प्लगच नसतो, म्हणून तिथं इतकी वर्षं देवही खूश होता आणि इंजिनही. नत्थूजींनी टोपणावर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली आणि दोघं निघाले.

वाटेत त्यांनी बायकोला खरं सांगून टाकलं, की दर वेळी गाडी आपल्याच नारळाच्या पाण्यानं लंगडत होती. वर्ध्याबाहेर भंगारवाल्याचं दुकान आलं, तसा मनकर्णाबाईंनी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

"थांबवा जरा."

नत्थूजींनी गाडी थांबवली, पण इंजिन बंद करायची हिंमत केली नाही. मनकर्णाबाई उतरल्या आणि त्या आवाजाच्या वरताण आवाजात दुकानदाराला म्हणाल्या, "भाऊ, उद्या येऊ नोका. गाडीत खोट नाई. खोट मानसात हाय, पन त्याले तुमी घेत नाई."

आणि पुन्हा मागे येऊन बसल्या.