मोकळ्यावरची तोफ

तिला सगळे तोफ म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे, कारण पाठीमागे म्हटलेलं तिला खपत नसे. इतरांचा राग नाकावर असतो, हिचा हातात होता. लग्नानंतर नवऱ्याने एकदा, एकदाच, तिच्यावर हात उगारला. तेव्हा ती इस्त्री करत होती, आणि इस्त्री खाली ठेवायचं काही तिला सुचलं नाही. भाजलेला हात फडक्यात गुंडाळून नवरा जो गेला तो कपडे न्यायलाही फिरकला नाही. त्याचे शर्ट तिने धुऊन, खळ घालून, नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या पोरांना पुढे कितीतरी वर्षं वापरायला दिले.

हे तिने कुठून आणलं ते गल्लीला ठाऊक होतं. बाप पट्ट्याने मारायचा. बक्कल कुठल्या बाजूला आहे यावर त्या दिवशीचं नशीब ठरायचं. आई गेली तेव्हा तोफ जेमतेम शाळा सुटायच्या वयाची होती आणि धाकटा भाऊ नुकता चालायला लागला होता. बापाने हिला मारायचं, हिने धाकट्याला, असा त्या घरातला क्रम. ज्या हाताने भरवलं त्याच हाताने तिने त्याला बडवलं, आणि दोन्ही गोष्टी पोटभर. धाकटा वाढला तो दारात वाकून शिरावं लागेल इतका. व्यायामशाळेत गेला, मग एका बँकेच्या दारावर उभा राहिला, मग स्वतःच माणसं गोळा करून ज्याला हवी त्याला पुरवू लागला. रखवालदार म्हणायचं आपलं. त्यांच्या खांद्यांकडे पाहिलं की कळायचं, ही माणसं राखायला ठेवलेली नाहीत.

तोफेची लाँड्री गल्लीच्या शेवटच्या घरात. खाली भट्टी, वर एक खोली. त्या घरापुढे वस्ती संपायची आणि समुद्राच्या बांधापर्यंत नुसती जमीन पसरलेली असायची. खुरटं गवत, वाळू, वाऱ्याने एका बाजूला झुकलेली झाडं, चेंडूसाठी रोवलेले दोन लोखंडी खांब, सिमेंटचे बाक. त्या जागेला नाव नव्हतं. ‘मोकळ्यावर जाऊन येतो’ एवढंच म्हणायचे लोक. बाळंतीण पहिल्यांदा बाहेर पडली की मोकळ्यावर, नवराबायकोचं भांडण घरात मावलं नाही की मोकळ्यावर. एका कोपऱ्यात तोफेच्या दोऱ्या. इस्पितळाच्या चादरी तिथे वाऱ्यावर फडफडत, आणि त्यांच्यामागे लपून पोरंपोरी काय करतात ते तोफेला ठाऊक असूनही त्या एका बाबतीत तिचा हात उठत नसे.

बाकांपैकी एक कप्तानांचा. कप्तानांनी आयुष्यात होडीसुद्धा चालवली नव्हती. ते त्या किनाऱ्याचे जीवरक्षक होते. बुडणाऱ्यांना केसाला धरून बाहेर काढणं हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी सकाळ झाली की येऊन पाण्याकडे तोंड करून बसत. गल्लीतल्या अर्ध्या लोकांना पोहायला त्यांनीच शिकवलेलं. धाकट्यालाही.

एका सकाळी मोकळ्यावर हिरवे पत्रे उभे राहू लागले. नगरपालिकेने ती जमीन एका कंपनीला दिली होती, किनाऱ्याचं सुशोभीकरण करायला. सुशोभीकरण म्हणजे हॉटेल, हॉटेलच्या पाहुण्यांच्या गाड्या आणि बाकीच्यांना अडवायला दारावर आडवा दांडा. शाळेतली मास्तरीण धावत कोर्टात गेली. तारीख मिळाली. पण तारीख उजाडायच्या आत पाया खणून टाकायचा, म्हणजे कोर्टालाही काही करता येणार नाही, असा कंपनीचा बेत होता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

तोफ भिजलेल्या चादरींची पाटी घेऊन कोपऱ्यावर आली तेव्हा तिच्या दोऱ्या तोडून झाल्या होत्या. आदल्या दिवशीच्या चादरी चिखलात, आणि त्यांच्यावर बुटांचे ठसे. कात्री हातात धरलेला रखवालदार अगदी कोवळ्या चेहऱ्याचा होता.

"बाई, इथे आता वाळत घालायचं नाही," तो म्हणाला.

पाटीत चादरींवर कपडे बडवायचं जाड लाकडी बडवणं ठेवलेलं होतं. तोफेने ते उचललं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. दात पडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. तो खाली बसला, ओंजळीत रक्त धरून, आणि आईला हाक मारावी तसा ओरडला. तिने दुसऱ्यांदा बडवणं उचललं तेव्हा कप्तानांनी मागून तिचं मनगट पकडलं. म्हातारा होता, पण बुडत्याला धरायची सवय होती. ती पकड सुटली नाही.

"पुरे," ते म्हणाले. "पुढे गेलीस तर बुडशील."

संध्याकाळी धाकटा आला. जिन्यावरून पावलं वाजली तेव्हाच तिने ओळखलं. तो खोलीभर झाला आणि उभाच राहिला.

"ताई, ती माणसं माझी आहेत."

"कळलं मला. पोराला दात नाहीत आता. चमच्याने भरव."

"चेष्टा सुचते तुला! साहेब म्हणत होते पोलिसांत देऊ. मी म्हटलं, माझी बहीण आहे, मी बघतो. मी नसतो तर एव्हाना तुझे हात मोडले असते त्यांनी."

"मग तू आहेस कशाला तिथे? हात मोडायला की मोडलेले मोजायला?"

"ऐक जरा. तळमजल्यावर गाळा देतायत तुला. नवीन यंत्रं. चादरी वाळवायला ऊनसुद्धा लागणार नाही."

"आणि कप्तानांना काय देतायत? समुद्राचं चित्र?"

धाकट्याने तोंड फिरवलं. "परवा मशीन येणार. तू घरात राहा. शप्पथ घे."

तिने शपथ घेतली नाही. उलट दाराकडे बोट दाखवलं. जाताना तो थांबला आणि हळूच म्हणाला, "तुला अजून वाटतं मी लहान आहे." ते वाक्य ती पुढे कधी विसरली नाही.

बुलडोझर आला तो पत्र्यांच्या फटीतून, भर सकाळी. मास्तरणीने शाळेतले पालक गोळा केले होते, दुकानदार आले होते, कप्तानांची मुलगी आली होती, आणि कप्तान नेहमीसारखे आपल्या बाकावर बसले होते. बुलडोझरच्या वाटेत बरोबर तो बाक. चालकाने भोंगा वाजवला. कप्तानांनी मान वळवली नाही.

कंपनीच्या साहेबाने, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेल्या, धाकट्याकडे पाहून नुसती हनुवटी हलवली. धाकट्याने आपल्या दोघा माणसांकडे पाहिलं आणि स्वतः पाठ फिरवली. तोफेने ते पाहिलं. ज्या माणसाने तुला पाण्यात हात सोडायला शिकवलं, त्याच्याकडे पाठ!

त्या दोघांनी कप्तानांना पायांना धरून ओढलं. बाकावरून ओढलं की डोकं आपटणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. आपटलं. बाकाच्या कडेवर एकदा, खाली दगडावर एकदा. तरी ते ओढत राहिले, पोतं ओढावं तसे, आणि वाळूवर मागे एक लाल ओळ उमटत गेली. कप्तानांचे डोळे उघडे होते. त्यांच्या मुलीने फोडलेली किंकाळी ऐकून झाडांवरचे पक्षी उडाले.

पुढे जे झालं ते कुणी ठरवलं नव्हतं. लोक पत्र्यांवर तुटून पडले. पत्रे उपटताना तळहात चिरले, कुणाला पर्वा नव्हती. चांभाराने हातोडीने बुलडोझरची काच फोडली आणि चालकाला कॉलरला धरून खाली खेचलं. शाळेच्या शिपायाने एका रखवालदाराचा कान चावला. कधी कुणाला अरे म्हणाला नव्हता तो माणूस. रखवालदारांच्या काठ्या डोक्यांवर पडत होत्या, नारळ फुटल्यासारखा आवाज करत. दोन पोलीस बांधाजवळ उभे होते. ते आपल्या गाडीत जाऊन बसले आणि काचा वर केल्या.

तोफ बडवणं घेऊन सरळ धाकट्याकडे निघाली होती. मधे जो आला त्याला तिने बाजूला केलं, एकाला बरगडीत, एकाला कोपरावर. धाकटा काठी फिरवत होता. धुळीत, गर्दीत, समोर कोण आहे ते त्याला दिसलं की नाही, हे नक्की सांगता येणार नाही. काठी तिच्या डाव्या हातावर बसली. हाड मोडलं, आणि हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळला.

"ताई?" तो म्हणाला. त्याने काठी खाली टाकली.

तो थांबला. तीही थांबली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण तिने उजव्या हाताने बडवणं फिरवलं आणि त्याच्या गुडघ्यावर हाणलं. तो कोसळला. तिने पुन्हा हाणलं, त्याच गुडघ्यावर. मग पुन्हा. तो काठी उचलत नव्हता, हात आडवे घालत नव्हता. लहानपणी मार खाताना करायचा तसा डोकं पोटात घालून पडून होता, आणि ते पाहून तिचा हात थांबायच्या ऐवजी आणखी चढला. बापाचा पट्टा, नवऱ्याचा हात, चिखलातल्या चादरी, कप्तानांचे उघडे डोळे, सगळं त्या एका गुडघ्यावर. आणि तिला बरं वाटत होतं. जन्मात कधी वाटलं नव्हतं इतकं बरं.

मास्तरणीने मागून तिच्या गळ्यात हात टाकून तिला खाली पाडलं आणि छातीवर बसली. बारकीशी बाई, चष्मा फुटलेला. "मरेल तो!" ती ओरडत होती. "अगं, मरेल तो!"

पत्रे भुईसपाट झाले होते. बुलडोझर पेटला होता आणि काळा धूर समुद्राकडे चालला होता. मोकळं वाचलं, निदान त्या दिवसापुरतं. पण जिंकल्यासारखं तिथे कुणी दिसत नव्हतं. जो तो आपलं तोंड, आपला हात चाचपत होता.

इस्पितळात तोफेला ज्या चादरीवर झोपवलं ती तिनेच धुतलेली होती. ती उठून बसण्याजोगी झाली त्या दिवशी दुपारी कप्तान गेले. शुद्धीवर आलेच नाहीत. मुलीने कुणाला रडू दिलं नाही; म्हणाली, नंतर रडा, आधी साक्ष द्या. पण साक्ष कशाची देणार? साहेब म्हणत होता, धक्काबुक्कीत म्हातारा पडला. त्याने हनुवटी हलवली होती, आणि हनुवटी हलवणं हा गुन्हा आहे असं कुठल्या पोलिसाने लिहून घ्यावं!

धाकटा पुरुषांच्या विभागात होता. तोफ गळ्यात हात बांधून, भिंत धरत त्याच्या खाटेपाशी गेली. त्याचा पाय वजन लावून टांगलेला. कंपनीचं एकही माणूस बघायला आलं नव्हतं.

"कप्तान गेले," ती म्हणाली.

तो छताकडे बघत राहिला.

"तू पाठ फिरवलीस. मी पाहिलं."

"बघवलं नसतं म्हणून फिरवली."

"बघवलं नसतं, तर थांबवायचं होतंस."

तिला वाटलं होतं, तो आता पायाबद्दल बोलेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर तिला बसून ऐकता आलं असतं. तो म्हणाला, "पोलिसांना बोलाव. आणि मास्तरणीलाही. पोलीस अर्धंच लिहितात."

त्याने सगळं सांगितलं. साहेबाने आदल्या दिवशी काय सांगितलं होतं, म्हाताऱ्याला उचलू नका, ओढा, म्हणजे बाकीचे घाबरतील, हे शब्द कुठल्या खोलीत बसून बोलले गेले, तिथे आणखी कोण होतं. आपण माणसांना कशी खूण केली तेही सांगितलं. मास्तरणीने त्याला मधेच विचारलं, "हे सांगून तूही अडकतोस, कळतंय ना?" तो म्हणाला, "मी ओढायला लावलंय, बाई. मग कुणी अडकायचं?" पाय कुणी मोडला, या प्रश्नाला मात्र त्याने गर्दीत दिसलं नाही असं उत्तर दिलं. तोफ तिथेच उभी होती. पोलिसाने तिच्याकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं, आणि पान उलटलं.

कोर्टात ती साक्ष टिकली. साहेब तुरुंगात गेला, ती दोन माणसं गेली, धाकटा गेला. कंपनीचा करार रद्द झाला आणि ती जमीन कायमची सगळ्यांची राहील असा निकाल लागला. मोकळ्यावर पुन्हा चेंडू उडू लागला. नगरपालिकेला तिथे कप्तानांचा पुतळा हवा होता. त्यांच्या मुलीने ठणकावून सांगितलं की त्याने जागा अडेल. ती मुलगी तोफेशी बोलते, पण धाकट्याचं नाव निघालं की उठून जाते, आणि तोफ तिला कधी थांबवत नाही.

तोफेचा डावा हात आता कोपरात सरळ होत नाही. कपडे बडवायला तिने एक बाई ठेवली आहे; ते लाकूड स्वतः हातात घेत नाही. का, ते कुणी विचारत नाही. गल्लीत भांडण लागलं की पूर्वी ती मधे पडायची आणि दोघांनाही चोपायची. आता दार लावून घेते.

दर महिन्याला ती तुरुंगात भेटीला जाते. पहिल्या काही भेटी दोघांनी न बोलता काढल्या. जाळीच्या अलीकडे ती, पलीकडे तो, शेजारच्या खिडक्यांवर लोकांचा कलकलाट. मग एकदा तो कुबडी भिंतीला टेकवून बसला आणि एकदम म्हणाला,

"ताई, एक विचारू? मास्तरीण आली नसती, तर तू थांबली असतीस?"

तिला खोटं बोलता आलं असतं. जाळीतून त्याचा चेहरा तुकड्यातुकड्यांनी दिसत होता. तिने विचार केला, घाई केली नाही.

"नाही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. आपल्या गुडघ्यावरून हात फिरवला.

"मला वाटलंच," तो म्हणाला. मग नाक पुसलं. "पुढच्या वेळी येताना जाड मोजे आण. इथली फरशी फार गार असते."

"आणते," तोफ म्हणाली, आणि पहारेकरी उठवेपर्यंत तिथेच बसून राहिली.